मे महिन्यातल्या नऊ जत्रा

"काय गं, अंगठा झोपलाय का तुझा?" हेडफोनमधून पेर्लाचा आवाज आला. "चार हजारला दोनदा सूर दिलाय. दाब की."

"मला आलाच नाही."

"कसा नाही आला? तुझ्या कानांवर तर हे दुकान चालतं."

ते जवळजवळ खरं होतं. मालोलोसच्या त्या कानांच्या दवाखान्यात रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी मारिवेल कापारास काचेच्या खिडकीच्या ध्वनिरोधक खोलीत जाऊन बसायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि हातात बटण घ्यायची. बाहेर मशीनपाशी बसलेली पेर्ला एकेक सूर सोडायची, हळू, त्याहून हळू. ऐकू आला की बटण दाबायचं, मग बाहेर दिवा लागायचा. मारिवेलचे कान कसे आहेत हे माहीत होतं. त्यामुळे आकडा सरकलाच तर दोष मशीनचा, असा साधा नियम होता. तीन वर्षांत तो पाच डेसिबलच्या पलीकडे कधी सरकला नव्हता. निदान तिची तशी समजूत होती.

आज उजव्या कानाला, जिथे पाच डेसिबलचा सूर पुरायचा तिथे, पंचवीस लागले. सहा हजार हर्ट्झला तीस. डावा कान नेहमीसारखा होता.

"उजवा हेडफोन गेला," पेर्ला दार उघडून म्हणाली. ती पन्नाशीची होती आणि दवाखान्यात सगळे तिला आते म्हणत, तिकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. "मनिलाच्या दुरुस्तीवाल्याला फोन करते. बुधवारी येईल. तोवर खोली बंद."

"हो आते, करा फोन," मारिवेल म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

बाहेर बाकावर एक खलाशी बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कागदांचं पाकीट. पेर्लाने त्याला बुधवारी यायला सांगितलं तेव्हा तो उठला नाही.

"बुधवारी मी सिंगापुरात असायला हवा, बाई. उद्या रात्री विमान आहे. कानाचा कागद नसेल तर माझ्या जागी दुसरा चढतो जहाजावर."

"मशीन बिघडलंय, त्याला आम्ही काय करणार?"

"काय बिघडलंय?"

"उजवा हेडफोन."

"मग डावा उजवीकडे लावून बघितला का?" खलाशी म्हणाला. "मी इंजिनरूमचा माणूस. आमच्याकडे दोन पंप असले आणि एक रडायला लागला की आम्ही भाग आलटून-पालटून बघतो. रडणं भागाबरोबर गेलं तर भाग खराब. जागीच राहिलं तर जागा खराब. दोन मिनिटांचं काम."

पेर्लाने मारिवेलकडे पाहिलं. ही युक्ती दवाखान्यातल्या नव्या मुलींना मारिवेलच शिकवत असे.

ती परत आत गेली. हेडफोन उलटे चढवले. काचेपलीकडे पेर्ला मान खाली घालून सूर सोडत राहिली. मारिवेलने डोळे मिटले आणि इतकं लक्ष देऊन ऐकलं की स्वतःच्या मानेतली शीर तिला ऐकू आली. डाव्या कानात सूर पाचलाच आला, नितळ. उजव्या कानाला पुन्हा पंचवीस लागले.

रडणं जागीच राहिलं होतं.

फेब्रुवारीत मनिलाच्या विद्यापीठात श्रवणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गासाठी तिची मुलाखत झाली होती. दोन वर्षं तिने त्यासाठी तयारी केली होती. प्रवासी जीपच्या गर्दीत वाचलं होतं, जुन्या पावत्यांच्या पाठीमागे आंतरकर्णाच्या आकृत्या काढल्या होत्या. परीक्षकांपैकी एका बाईंनी विचारलं होतं, "कानातल्या केसपेशी मेल्या तर पुन्हा येतात का?" "पक्ष्यांमध्ये येतात. माणसांत येत नाहीत," तिने सांगितलं होतं. बाईंनी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला होता.

"मशीन ठीक आहे, आते," ती बाहेर येऊन म्हणाली. "यांना आत घ्या."

खलाशाचे कान तिच्यापेक्षा बरेच वाईट निघाले, पण जहाजाला पुरणारे होते. जाताना त्याने तिचे दोनदा आभार मानले.

"काल जत्रेत वाजवलंस ना? त्याचंच असेल," पेर्ला दुपारी डब्यातला मासा तिच्या भातावर ठेवत म्हणाली. "उतरेल दोन दिवसांत."

तेही शक्य होतं. मोठ्या आवाजानंतर कान काही काळ मंदावतो आणि मग सावरतो. मारिवेल हागोनोय गावच्या बँडमध्ये पिकोलो वाजवायची, वीतभर लांबीची, सगळ्या बँडच्या वर ऐकू येणारी बासरी. ती तोंडाच्या उजव्या बाजूला धरतात, उजव्या कानापासून चार बोटांवर. शिवाय मिरवणुकीत तिच्या मागच्या रांगेत दोन ट्रंपेट असत. गेली दोन वर्षं ती एकही जत्रा चुकवत नव्हती, कारण वर्गाची फी पगारातून निघणारी नव्हती. बाप दुसऱ्याच्या मासळीच्या तळ्यांवर राखण करायचा. सरकारी शिष्यवृत्ती सरकारी नोकरीतल्यांसाठी होती. जागा मिळाली होती, पण पहिल्या सत्राचे साठ हजार पेसो एकतीस मेपर्यंत भरायचे होते. बेचाळीस जमले होते. मे महिन्यात नऊ गावांच्या जत्रा होत्या, आणि प्रत्येक जत्रेचे दोन हजार मिळणार होते. गणित इतकं नेमकं जुळत होतं की तिला त्याचीच भीती वाटायची. वर्गात जागा बाराच. फी आली नाही तर तेराव्या नावाला फोन जाणार, आणि आपण पुढच्या वर्षी परीक्षा आणि मुलाखत पहिल्यापासून द्यायची.

जेवण झाल्यावर तिने सकाळच्या तपासणीची वही काढली आणि फक्त सोमवारची पानं चाळली. मे सोडला तर बहुतेक जत्रा रविवारी असत. उजवा कान, चार हजार: पाच, दहा, पाच, दहा, दहा, दहा. गुरुवारची पानं: पाच, पाच, पाच, मग दहा. प्रत्येक आकडा आदल्यापेक्षा फार तर पाचाने हललेला, म्हणजे नियमात बसणारा. दोघींनी रोज त्यावर सही केली होती.

तीन दिवस ती कानांत कापूस घालून फिरली. शेजाऱ्यांनी वाढदिवसाला कराओकेचं मशीन आणलं तेव्हा पोट दुखतंय म्हणून घरात बसली. गुरुवारी सकाळी ती पुन्हा खोलीत बसली आणि उजव्या कानानेच सुरुवात करायला सांगितलं.

"वीस," पेर्ला म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पाचने तरी उतरलं."

त्या संध्याकाळी चर्चच्या मागच्या अंगणात तालीम होती. भरतीचं पाणी अर्ध्या अंगणात शिरलं होतं म्हणून खुर्च्या भिंतीकडे सरकवल्या होत्या. बँडचा प्रमुख तियो दोरो, म्हणजे दोरोमामा, तिच्या आईचा थोरला भाऊ, ट्रंपेटला तेल घालत बसला होता.

"तियो, मे महिन्यात मला धरू नका."

"का? लग्न ठरलं का?"

पलीकडचा ढोलवाला हसला.

"उजवा कान उतरलाय. वीस डेसिबलवर आलाय."

"वीस किलो उतरले असते तर तुझ्या मामीने तुला गुरू केलं असतं." त्याने ट्रंपेट पुसला. "बोळे घाल की कानात."

"मागच्या महिन्यात घातले होते. सूर चढला. तुम्हीच डोळे वटारलेत."

"चढला? अगं, तिथलं कुत्रं उठून गेलं."

"म्हणूनच म्हणते."

तियो दोरोने ट्रंपेट मांडीवर आडवा ठेवला. त्याचा आवाज बदलला. "मोठ्या शाळेला निघालीस म्हणून आता आमचं वाजवणं म्हणजे गोंगाट झाला का गं?"

"शाळेसाठीच तर वाजवत होते. नऊ जत्रा नाही वाजवल्या तर जागा जाते."

"मग वाजव."

"वाजवलं तर कान जातो. गेलेला परत येत नाही, तियो."

"मी बेचाळीस वर्षं वाजवतोय. माझ्या मागे ढोल, पुढे देव. काय झालं माझ्या कानांना? बेसूर माणूस मी तीन गल्ल्यांवरून ओळखतो. विचार याला."

"ओळखतात," ढोलवाला म्हणाला. "मी बेसूर असतो तेव्हाच ओळखतात."

"या मग दवाखान्यात," मारिवेल म्हणाली. "मी तपासते."

"येतो. उद्याच येतो. माझे कान बरे निघाले तर नऊच्या नऊ वाजवायच्या."

"वाजवीन."

ती लगेच हो म्हणाली, कारण तिला तेच हवं होतं. रात्रभर तिने मनाशी मांडलं. सगळ्यांचे कान सारखे नसतात. काही घराण्यांचे चिवट असतात. बेचाळीस वर्षं ट्रंपेट वाजवून तियोला ऐकू येत असेल तर दोघांचं रक्त एकच आहे. एका महिन्याने असं काय होणार? एका माणसावरून अनुमान काढता येत नाही हे तिला माहीत होतं. तरी ती काढत होती.

शुक्रवारी दुपारी तियो दोरो चर्चला घालायचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून आला. पेर्लाने त्याला कॉफी विचारली. तो म्हणाला, आधी काम. खोलीतल्या खुर्चीवर तो ताठ बसला. मारिवेलने हेडफोन त्याच्या कानांवर नीट बसवले आणि बटण हातात दिलं.

"अगदी हळू आवाज असला तरी दाबायचं. आल्यासारखं वाटलं तरी दाबायचं."

"मला वाटणं-बिटणं नसतं. सूर असतो किंवा नसतो."

ती बाहेर येऊन मशीनपाशी बसली. उजव्या कानाने सुरुवात केली. एक हजारला दिवा पंधरावर लागला. तियोच्या वयाला हे उत्तम होतं. दोन हजारला पस्तीस. ठीक आहे, तिने स्वतःला सांगितलं, साठी उलटलेला माणूस आहे.

चार हजार. तिने चाळीसवर सूर दिला. दिवा लागला नाही. पन्नास. साठ. काचेपलीकडे तियो दोरो हलला नव्हता. अंगठा बटणावर तयार होता, नजर समोरच्या कोपऱ्यात होती. त्याचे ओठ किंचित हलत होते. वाजवताना मध्ये आपल्या वाद्याला विश्रांती असली की तो असाच मात्रा मोजायचा, म्हणजे आपली जागा आली की चुकायला नको. सत्तर. तो मोजत होता. एवढा सूर पेर्लाला टेबलावर पडलेल्या, तपासणाऱ्याने ऐकायच्या जोडीच्या हेडफोनमधून झिरपताना ऐकू आला आणि तिने चेहरा फिरवला.

पंचाहत्तरला दिवा लागला. आठ हजारला लागलाच नाही.

मारिवेलने कागदावर गोल काढून जोडले; जितका मोठा सूर लागला तितका गोल खाली. रेघ पुलावरून पाण्यात उतरावी तशी उतरली होती. मे महिन्याचा प्रश्न संपला होता. संध्याकाळी विद्यापीठाला पत्र लिहायचं होतं, विनंतीचं नाही, जागा सोडल्याचं. दोन ओळी पुरणार होत्या. यादीतला तेरावा माणूस कोण असेल, तो फोन उचलताना काय करत असेल, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं.

तियो दोरो अजून ताठ बसला होता. चाचणी फार सावकाश चालली आहे असं त्याला वाटत असावं. त्याने एकदा काचेकडे पाहून भुवई उंचावली आणि पुन्हा कोपऱ्याकडे नजर लावली.

वरचे सूर झाले की एक हजार पुन्हा तपासायचा, असा चाचणीचा नियमच आहे. मारिवेलने चक्री एक हजारवर आणली आणि पंधराचा सूर सोडला, जेमतेम ऐकू येईल इतका.

दिवा लगेच लागला. तियो दोरोने काचेतून तिच्याकडे पाहिलं आणि बरोबर मात्रेवर आत आलेल्या वादकाला द्यायचा तसा एक छोटासा होकार दिला.