दोन गाठींचा अग्रलेख

गेल्या आठवड्यात माजी पंतप्रधान निवर्तले. आमच्या जुन्या वृत्तपत्राच्या आताच्या संपादकांचा निरोप आला, "मंदीच्या त्या वर्षी त्यांनी केले ते योग्य होते का, यावर आपण लिहावे." मी कागद पुढे ओढला आणि पहिल्याच ओळीला अडखळलो. त्या वर्षाचे स्मरण झाले की मला अर्थकारण आठवत नाही, सुतळी आठवते.

तेव्हा मी तेथे मुद्रितशोधक होतो. पाठशाळेतून नुकताच आलो होतो, म्हणून सारे मला शास्त्रीबुवा म्हणत. शिशाचे खिळे जुळवणारे तात्या माझ्याहून वीस वर्षांनी वडील. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले होते, "चुका तुम्ही काढायच्या, खिळ्यांना हात आम्ही लावायचा. सोवळं आमचंही असतं."

त्या दिवशी दुपारी पंतप्रधान रेडिओवर बोलणार होते. चलन घसरले होते, दुकानांच्या फळ्या रिकाम्या होत्या. संपादकांनी आदल्या दिवशीच दोन अग्रलेख लिहून ठेवले होते, एक स्तुतीचा, एक निंदेचा. प्रत्येकाचे दोन स्तंभ. तात्यांनी चारही स्तंभ जुळवून सुतळीने बांधले: स्तुतीला एक गाठ, निंदेला दोन.

सारे रेडिओपाशी गेले. मला दोन्ही लेखांच्या उत्तरार्धात एकेक ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली, आणि धीर धरवला नाही. मी सुतळ्या सोडल्या, खिळे बदलले. तेवढ्यात आतून तो संथ आवाज आला. मी घाईने सुतळ्या बांधल्या आणि धावलो.

चलनाचे मूल्य त्यांनी उतरवले, तोट्यातले सरकारी कारखाने बंद केले. शेवटी म्हणाले, "निर्णय माझा आहे. चुकला, तर दोषही माझाच." संपादकांनी डोळे पुसले आणि स्तुतीचा लेख लावायला सांगितले.

सकाळी अंक हाती आला. पहिल्या स्तंभात पंतप्रधान धीरोदात्त होते, दुसऱ्यात त्यांनी देश बुडवला होता. गाठी बांधताना मी अदलाबदल केली होती, आणि गर्दीच्या वेळी तात्यांनी गाठींवर भरवसा ठेवला होता.

"तुझ्या मुलाचा कारखाना बंद झाला, म्हणून हा सूड का?" संपादकांनी तात्यांना विचारले.

मी हातातल्या मुद्रितावर नजर खिळवली. तात्यांनी टेबलावरची सुतळी उचलली, निरखली, खिशात घातली. "हात माझाच चुकला," ते म्हणाले. अग्रलेखाचे पान त्यांच्याकडून गेले. त्यानंतरची अकरा वर्षे त्यांनी जाहिराती जुळवल्या. मी रोज त्यांच्यासमोर बसून चहा प्यालो आणि रोज कबुली उद्यावर ढकलली.

काल लिहिलेले कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. ब्याण्णव वर्षांचे तात्या खिडकीपाशी बसले होते. मी सारे सांगितले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "छापखान्यात पोथीसारखी गाठ दुसरं कोण मारणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं लग्न ठरलं होतं. शिवाय मला कुठंही खिळे जुळवता आले असते. तुला दुसऱ्यांच्या चुका काढण्यापलीकडे काय येत होतं?"

स्वतःची मात्र एकही काढली नव्हती. मी विचारले, "आणि पंतप्रधान? त्यांचं चुकलं का?"

"पोराला दोन वर्षं काम नव्हतं. सुनेनं शिवणकाम करून घर ओढलं. पुढं बाजार सावरला, पण त्याचा कारखाना काही उघडला नाही. तेव्हा बरोबर होतं, असं माझ्या तोंडून यायचं नाही. पण चुकलं तर माझं, हे त्यानं स्वतः सांगितलं. त्याच दिवशी सांगितलं."

त्यांनी ते सहज म्हटले. मला मात्र पन्नास वर्षे लागली होती.

"लेखात गाठीचं सगळं लिहिलं आहे," मी म्हणालो. "माझ्या नावानिशी."

तात्यांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचले. मग खणातून सुतळी काढून त्यांची गुंडाळी बांधली. गाठ पूर्वीसारखीच बसली. एकच मारली, दुसरीपुरती सुतळी मात्र न कापता तशीच लोंबती ठेवली.

"ने," ते म्हणाले. "आणि वाटेत सोडू नकोस."