अंगणातल्या दिव्याचं बटन

"परत बंद!" अपर्णाने दाराजवळचं बटन दाबलं. अंगणातला दिवा लागला आणि पायऱ्यांवर मध्येच थबकलेल्या सासूबाई दिसल्या. डाव्या हाताला प्लास्टर, उजवा भिंतीला धरलेला.

"आई, हाक मारायची ना! डॉक्टर काय म्हणालेत, विसरलात? आता पडलात आणि खुबा मोडला तर अंथरूण धराल."

"दिसत होतं गं थोडं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

थोडं दिसत होतं म्हणे! अपर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न्हाणीघर अंगणाच्या टोकाला, मध्ये या उंच पायऱ्या. म्हणून ती उजेड असतानाच दिवा लावून स्वयंपाकाला लागे, आणि अंधार पडेपर्यंत कुणीतरी तो बंद केलेला असे. बटनावर चिकटपट्टी लावून झाली. 'बंद करू नये' असा कागद डकवून झाला. काडेपेटीचं खोकं चिरून वर बसवलं, तेही दुसऱ्या दिवशी खाली पडलेलं. नवरा अनिरुद्ध हिंगोलीच्या ऑफिसातून यायचा तो थेट जेवायच्या वेळी. उरले सासरे.

"मी हातसुद्धा लावला नाही," बंडोपंत दरवेळी ताडकन सांगत. "काहून माझ्यावर घेऊन राहिलीस?"

"मग काय भूत येऊन बंद करतं, बाबा?"

"ते तू शोध."

शोधतेच, म्हणाली ती. दुसऱ्या दिवशी सोनाजी वायरमनला निरोप धाडला, येताना बटनावर बसवायला प्लास्टिकचं झाकण घेऊन ये. संध्याकाळी दिवा लावला आणि तांदळाचं ताट घेऊन ती मुद्दाम दाराआड निवडत बसली.

बंडोपंत नरसीच्या देवळात आरतीला निघाले. टोपी नीट केली, उंबऱ्यात थांबले. ओठांत अभंग चालूच होता. उजवा हात भिंतीकडे गेला, क्षणभर टेकला, मग कपाळाला लागला. बटन खट् वाजलं. त्यांना कमी ऐकू येई, आणि बाहेर अजून उजेड होता. चपला घालून ते सरळ चालू लागले.

अपर्णा ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. दिवाळीत घराला रंग दिला तोवर त्या जागी नामदेव महाराजांची तसबीर होती. बाहेर पडताना महाराजांच्या पायांना हात लावायचा, यात बंडोपंतांचा जन्म गेला होता. तसबीर देवघरात गेली आणि तिथे बटनाचा बोर्ड आला, पण हाताला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"आई, बाबाच आहेत!" ती आत बसलेल्या सासूबाईंना म्हणाली. "येऊ देत, आज सांगतेच त्यांना."

"नको." सरोजिनीबाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पडले त्याच्या आधीपासून."

"आणि तरी अंधारात उतरत राहिलात? कमाल आहे तुमची! चीड येते नुसती."

"येऊ दे. पण आपल्या नमस्कारापायी हिचा हात मोडला, हे त्यांना कळलं तर ते जेवायचे नाहीत गं."

अपर्णाने ताट खाली आपटलं. दिवा परत लावला.

तेवढ्यात सोनाजी आला. पिशवीतून झाकण काढून त्याने बटनावर धरून पाहिलं.

"बराबर बसतंय, वहिनी. लावू?"

"नको. याची तार काढून टाक. दिव्याला दुसरं बटन दे, स्वयंपाकघरात."

"मंग हे बी काढतो की. काहून ठेवता?"

"असू दे. आहे तिथेच असू दे."

आरतीहून परतल्यावर बंडोपंतांनी विचारलं, "काय निघालं मग?"

"बटन बिघडलं होतं, बाबा."

"बघ! म्हणत नव्हतो मी? उगीच माझ्या नावानं शंख!"

जिभेवर आलेलं सगळं अपर्णाने गिळलं. "चुकलंच माझं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंडोपंत उंबऱ्यात थांबले. हात भिंतीकडे गेला, मग कपाळाला. बटन खट् वाजलं. दिवा जळत राहिला. अंधार पडल्यावर सरोजिनीबाई न्हाणीघराकडे निघाल्या. एकेक पायरी बघून उतरल्या आणि भिंतीला त्यांनी हात लावला नाही.