हात वर झाले, झाकण नाही

या मित्रांनो, असे जवळ सरका. एक गोष्ट सांगते. मी वैतागलेली आहे, आवाज चढला तर सांभाळून घ्या.

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. वसईत घडले आणि ॲलॉयसियस अंकलबरोबर मस्कतला आले. अंकल हॉटेलात स्वयंपाकी. दर शुक्रवारी मस्कतच्या रुवी भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ख्रिस्तकीर्तन असतं. अंकल उभे राहून गातात, विनी आंटी मला वाजवतात. दिवसभर कढया हलवून आलेला माणूस, पण भाता हलला की त्यांचा गळा देवाच्या नावानं भरून येतो. "पेटीत जीव आहे हो," असं लोक म्हणायचे.

लोकांचं हे प्रेमच माझ्या मुळावर आलं. कीर्तनाआधी मत्रहच्या बाजारातला लोबान पेटायचा आणि धुपाटणं थेट माझ्या पोटाशी यायचं. भक्तीच ती! पण धूर मी प्यायचा. आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्यांवर चिकट काजळी बसत गेली. आधी मी घोगरी झाले, मग मधले दोन सूर मुकेच झाले.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला आणि कीर्तन मंडळाचा सेक्रेटरी ऑलविन म्हणाला, "पेटी खलास! कीबोर्ड घेऊ. मतदान करा, आपल्याकडे डेमोक्रसी आहे."

भराभर हात वर झाले. विनी आंटी चहा घेऊन आल्या, तोवर निकालही लागला होता.

"अरे, तिला झालंय काय ते आधी उघडून तरी बघा!"

"आंटी, बहुमत झालं. आता काय बघायचं?"

आणि अंकल? "ठरलं ना? मग ठरलं. आज शेवटचं वाजव, विनी." अस्सा राग आला मला! भांडायचं सोडून हा माणूस मान डोलावतो!

त्या कीर्तनात अंकलनी येशूचा न्याय करणाऱ्या पिलातापुढची गर्दी उभी केली. येशूऐवजी 'बरब्बाला सोडा' म्हणून त्या गुन्हेगारासाठी ओरडणारी. तिथून ते गात गात अथेन्सला पोचले.

"तिथं सॉक्रेटिस नावाचा म्हातारा होता. चौकात माणसं अडवून विचारायचा, 'न्याय न्याय म्हणतोस, पण न्याय म्हणजे काय रे? जहाजाचा कप्तान मतं मोजून नेमशील, की दर्या जाणणारा शोधशील?' शहर चिडलं. मतं मोजली आणि त्याला विषाचा प्याला दिला. मित्र म्हणाले, पळ. तो म्हणाला, 'याच शहराच्या कायद्यात वाढलो. निकाल कडू लागला म्हणून कायदा मोडू?' प्यायला आणि गेला. मागाहून शहर हळहळलं म्हणतात. मोजण्याआधी विचारायचं असतं, हे त्यांना म्हातारा गेल्यावर कळलं, माझ्या देवा..."

'देवा'वर नेमका माझा मुका सूर आला. गाणं अडलं.

ऑलविन चुळबुळला, मग उठला. "अंकल, हिला नक्की झालंय तरी काय?"

त्यानं स्वतः माझं झाकण उघडलं. काळ्या थराला बोट लावून हुंगलं आणि त्याचा चेहरा उतरला. "लोबान! अरे देवा, हा तर दर शुक्रवारी मीच लावतो!"

"मग आता घे ब्रश," विनी आंटी म्हणाल्या, "आणि चहा गरम कर. तुझ्या डेमोक्रसीत गार झाला."

सूर साफ झाले. पुन्हा हात वर झाले, या वेळी माझ्या बाजूनं. सगळ्यांत आधी ऑलविनचा.

तरी गेल्या शुक्रवारी एक नवे गृहस्थ भक्तिभावानं धुपाटणं घेऊन माझ्याकडेच निघाले! काय करावं या माणसांचं?

मित्रांनो, जुन्या वस्तूला टाकण्याआधी तिचं दुखणं विचारा. आणि हात वर करताना क्षणभर थांबून, चौकात प्रश्न विचारणाऱ्या त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा.