माझ्या तोंडावर रंगवलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना जरा हळवं व्हावं, अशी रीत आहे. तेही मी होईन, पण राग आधी सांगतो. माझ्यावर जो अन्याय झाला, तो चोराने केला नाही आणि परक्यानेही केला नाही. घरच्याच मुलाने केला, तोही मोठ्या कौतुकाने!

माझा जन्म अंबरनाथच्या एका लहानशा ओतकामाच्या कारखान्यात झाला. मोडके पंप, गंजलेली चाकं असलं भंगार भट्टीत वितळवून वाळूच्या साच्यांत ओतत. त्या भट्टीवर जांभूळ गावचा हरिचंद्र कामाला होता. त्याचं नवीनच लग्न झालं होतं. एके दिवशी साचे भरून झाल्यावर पळीत थोडा रस उरला. मुकादमाच्या परवानगीने त्याने तो एका गोल साच्यात ओतला, आणि दुसऱ्या दिवशी मला गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेलं.

त्याची बायको वेणू मला पाहून अजिबात खूश झाली नाही. मी होतोच तसा, करडा आणि खरबरीत. पण तिने मला टाकलं नाही. आधी विटेने घासलं, तीन दिवस भाताच्या पेजेत बुडवून ठेवलं, मग तेल चोळून तापवलं, अर्धा कांदा फिरवला आणि पुन्हा तेल चोळलं. तरी पहिलं वर्षभर मी तिला छळलंच. भाकरी चिकटायची, मासा तर सालीसकट माझ्याकडेच राहायचा. ती दर खेपेला खरवडायची आणि पुन्हा तेल चोळायची. असं करत करत मी काळा झालो. ते काळेपण म्हणजे मळ नव्हे, हे लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं तेल आणि विस्तव एकमेकांत मुरले की ती कातडी तयार होते. तिच्यावर मासा चिकटत नाही.

रविवारी कारखान्याला सुट्टी असे. हरिचंद्र पहाटेच पाग खांद्यावर टाकून उल्हास नदीवर जाई. नदीत फेकायच्या जाळ्याला तिकडे पाग म्हणतात. चांगलं ऊन वर यायच्या आत तो खवल नाहीतर मळे असे नदीचे मासे घेऊन परते. मग वेणू अंगणात तीन दगड मांडी, चिंचेच्या वाळक्या फांद्या पेटवी आणि ज्वाळा बसून निखारा पडला की मला वर ठेवी. माशाला दोन चिरा, मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ, एवढंच. मसाल्याचा डबा घराबाहेर येतच नसे. मासा टाकला की ती हात मागे घेऊन स्वस्थ बसे. मासा भाजला की तव्याला आपणहून सोडतो. तोवर जो उलथनं घालतो त्याला माशातलं काही कळत नाही, असं तिचं मत होतं आणि माझंही आहे.

त्या घरात एक रीत होती. सकाळी पाण्यातून निघालेला मासाच अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भाजायचा. कालचा किंवा बर्फातला असेल तर तो आत, चुलीवर, मसाल्याच्या कालवणात. त्यामुळे अंगणातून धूर निघाला की आळीतली माणसं बिनधास्त भाकरी हातात घेऊन यायची. एकदा हरिचंद्राच्या बहिणीच्या सासरची मंडळी अचानक आली. घरात मासा होता तो कालचा. हरिचंद्र म्हणाला, अंगणात भाज, त्यांना काय कळतंय. वेणूने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, मासा उचलला आणि आत नेऊन मसाल्यात टाकला. पाहुण्यांसमोर नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं, पण तिने रीत मोडली नाही.

पुढे हरिचंद्र गेला. नदीवर जलपर्णी पसरली, मासा कमी झाला. घरात गॅस आला, गुळगुळीत तवे आले, आणि मी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकू म्हणून लागलो. काही वर्षं मी मांजरांना अडवलं. वाईट वाटलं, पण ते मी सहन केलं. निदान ते काम तरी खरं होतं.

मग वेणूच्या नातवाने, भूपेशने, बदलापूरच्या रस्त्यालगत हॉटेल काढलं. ‘चुलीवरची गावरान मच्छी’ असा भलामोठा फलक लावला. त्याला शोभेला काहीतरी जुनं हवं होतं. खुराड्यापाशी मी दिसताच त्याचे डोळे चमकले. मला वाटलं, आता पुन्हा निखारा! मी किती भोळा होतो पाहा. त्याने मला गाडीत घातलं आणि उल्हासनगरला एका पॉलिशवाल्याकडे नेलं. तो पॉलिशवाला म्हातारा सिंधी, धातूची जाण असलेला माणूस. त्याने माझ्या पोटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “बाबा, ये तो पका हुआ तवा है. घिसवाएगा तो पकाने के काम का नहीं रहेगा.”

“पकाना थोडी है, अंकल,” भूपेश म्हणाला. “दिखाना है.”

मित्रांनो, हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. फिरत्या चाकाखाली वेणूची चाळीस वर्षं भुकटी होऊन उडाली. मी आरशासारखा चकचकीत निघालो. तेवढ्यावर भागलं नाही. ज्या अंगावर मासा भाजायचा त्याच अंगावर रंगाऱ्याने लाल ऑइलपेंट चोपडला आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं, ‘वेणूआजीची चूल’. हॉटेलच्या दारात एका खिळ्याला मी लटकलो. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. कुणी म्हणे, वा, काय जुनी वस्तू आहे. अरे, ज्याने जुनी होते ते तर खरवडून टाकलंय! पण तव्याचं ऐकतो कोण?

आत काय चालायचं तेही मला दिसत होतं. बर्फाच्या पेटीत दोन-दोन, तीन-तीन दिवसांचे मासे. गॅसच्या मोठ्या शेगड्या. माशाला बोटभर जाडीचा लाल मसाला, म्हणजे वास दबला आणि चवही दबली. आणि दारात, माझ्या खाली, एक सारवलेली चूल. तिच्यावर रविवारी वेणूआजीला नवं कोरं नऊवारी नेसवून, हातात फुंकणी देऊन बसवत. चुलीवर नुसतं पाणी उकळत असे. आजीला भूपेशने सांगितलं होतं की मासा जनूकडूनच येतो, त्याच्या पागातला, आणि गर्दीमुळे तेवढा आत भाजावा लागतो. जनू हा हरिचंद्राचा जुना सोबती, अजून नदीवर जाणारा. तिने विश्वास ठेवला. नातू उभा राहतोय म्हणून ती खूशही होती, हे मी लपवणार नाही. कुणी विचारलं, आजी, ताजं आहे ना, तर ती मान डोलवायची. ती मान डोलवली की मला तिथल्या तिथे खिळ्यावरून खाली पडावंसं वाटे.

एका रविवारी विठ्ठलवाडीहून स्वप्नाली नावाची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील महिनाभर इस्पितळात होते. अंगावरचा सदरा लोंबत होता. तोंडाला चव नव्हती, पण कालपासून त्यांनी एकच धरलं होतं, लहानपणी गावी खाल्लेला तसा साधा, नुसत्या मिठाचा मासा. स्वप्नाली आजीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “आजी, फलकावर सगळेच ताजं लिहितात. तुम्ही सांगा. बाबांना दिला तर चालेल ना?”

आजीची मान नेहमीसारखी हलली नाही. तिने त्या माणसाच्या मनगटांकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि भूपेशला म्हणाली, “त्यांना देनार तो म्हावरा आदी मना दाखव.”

भूपेशने टोलवाटोलवी केली, आत पसारा आहे, ती घसरून पडेल, वगैरे. आजी सरळ आत गेली. आजवर तिला तिथे कुणी नेलं नव्हतं आणि तीही कधी गेली नव्हती. तिने पेटीतला एक मासा उचलला, कल्ला उघडून पाहिला, नाकाशी धरला आणि तो तसाच हातात घेऊन बाहेर आली.

“पोरी, यो नको देऊस बापाला,” ती म्हणाली. “यो माजा म्हावरा नाय.”

चार टेबलांवरचे हात थांबले. भूपेशचा चेहरा पडला. तो दबक्या आवाजात म्हणाला, “आजी, सीन नको करू ना यार. तुझ्याच नावावर चाललंय हे सगळं.”

“माजं नाव हाय ना? मंग मीच काढते.”

ती माझ्याकडे वळली. मी जड, ती वाळलेली. तिला मी पेलेना. तेव्हा गल्ल्यावर बसलेली भूपेशची बायको किर्ती उठली, नवऱ्याकडे न पाहता तिने मला खिळ्यावरून उतरवलं आणि आजीच्या हातात दिलं. आजीने चुलीवरचं पाण्याचं पातेलं बाजूला केलं, लाकडं पुढे सारली आणि मला विस्तवावर पालथा घातला.

काय घाण सुटली म्हणून सांगू! रंगाचे फोड आले, काळा धूर टेबलांवर गेला. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून उठली. कुणी व्हिडिओ काढत होतं. भूपेश एकदा पुढे आला आणि परत मागे सरला. आजीने मला उताणा केला, विटेचा तुकडा आणि राख घेतली आणि स्वतःचं नाव खरवडायला बसली. पिवळी अक्षरं सालपटं होऊन तिच्या नव्या लुगड्यावर पडत होती. मला भाजत होतं, दुखत होतं, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला लाज वाटत नव्हती.

तोवर किर्तीने जनूला फोन लावला होता. तो ओल्या पोत्यात दोन खवल घेऊन आला. सकाळी मिळाले तेवढेच. आजीने दोन चिरा दिल्या, मीठ, हळद आणि कोळ लावला. मी मनातल्या मनात माशाला म्हटलं, आज तरी चिकटू नकोस. पण माझी कातडीच नव्हती, तर मी काय करणार? पहिला मासा मला चिकटला. दुसराही चिकटला. त्यांची साल फाटली, तुकडे पडले. आजी स्वप्नालीला म्हणाली, “माफ कर, पोरी. तव्याला आजारी पाडलंय आमच्या लोकांनी.”

स्वप्नालीच्या वडिलांनी पाट ओढला आणि ते चुलीजवळ बसले. ताटाची वाट न पाहता माझ्यावरचे तुकडे भाकरीने खरवडून त्यांनी खाल्ले. दोन्ही मासे संपवले. मग म्हणाले, “मीठ बरोबर पडलंय.”

इथे गोष्ट संपली असती तर माझा राग निवळला असता. भूपेश पंधरा दिवस आजीशी बोलला नाही. सोळाव्या दिवशी त्याच खिळ्यावर पत्र्याचा एक नवा तवा आला, मुद्दाम काळा रंगवलेला. त्यावर लिहिलंय, ‘आजीची चूल’. कुणाची आजी? काही पत्ता नाही! त्याच्याशेजारी उभं राहून लोक अजून फोटो काढतात, आणि बर्फाची पेटी आत होती तिथेच आहे.

मी आता आजीच्या अंगणात असतो. ती रोज सकाळी मला तेल चोळते, तापवते, कांदा फिरवते. कधीकधी किर्ती येऊन बसते आणि तेल किती, विस्तव किती, हे विचारून घेते. मी हळूहळू तांबूस झालोय, काळा व्हायला पुष्कळ वर्षं जातील. वेणूआजी ब्याऐंशी वर्षांची आहे. तिच्याजवळ तेवढी वर्षं नाहीत. हे तिला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे, तरी ती रोज तेल चोळते. माझा सगळा राग इथे येऊन थांबतो, मित्रांनो, आणि मग नुसतं वाईट वाटतं.

तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल, तर त्याला घासून चकचकीत करू नका आणि टांगूही नका. ते वापरा. त्याच्यावर रांधणारी बाई हयात असेल, तर तिच्याशेजारी बसून शिकून घ्या, आणि आजच घ्या. आणि पुढे मोठे होऊन फलकावर कुणा म्हाताऱ्या माणसाचं नाव लावलंत, तर आधी त्याचा हात धरून त्याला आत न्या आणि काय शिजतंय ते दाखवा. ते माणूस नको म्हणालं, तर नाव लावू नका.