पांढरी लाख

मामा, म्हणजे माझे सासरे, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन बांधावरच्या बोरींमधून फिरताना दिसले आणि मी शेणाचे हात तसेच घेऊन पळाले. त्या पाच बोरींवर आम्ही पाच बायकांनी लाख तयार करणारे किडे सोडले होते, एकेकीची एकेक बोर. बदनापूरच्या शेतकी केंद्रात जाऊन शिकलो, पावसाळाभर मुंग्या हाकल्या, नवऱ्यांची टिंगल सोसली. औषधाचा फवारा बसला की किडे मेले आणि आमची मेहनत मातीत.

आमच्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही. बोलायचंच झालं तर बैलाला सांगायचं आणि सासऱ्यांनी ऐकायचं. बैल बिचारा कान हलवतो. पण बांधावर बैल नव्हता.

"मामा, थांबा!" मी ओरडले.

ते दचकून वळले.

"बाजूला हो, दैवशाला. पिठ्या ढेकूण हाय ह्यो. मागं आख्खा कापूस खाल्ला यानं."

"ही लाख हाय, मामा."

"लाख लाल असती. मला काय येडा समजून राह्यली? हे पांढरं हाय."

खोटं नव्हतं. फांद्यांवर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू आले होते. माणूस दुष्ट नव्हता, पोळलेला होता. तरी मला संताप आला. आधी विचारलं असतं तर काय जीभ झिजली असती?

त्यांनी नळी वर केली. मी बोरीला पाठ लावून उभी राहिले. काटे पदरातून रुतले. तशीच एक फांदी ओढून मी त्यांच्यापुढं धरली.

"नखानं दाबा. पिठ्या असंल तर फुटंल, बोट ओलं व्हईल. मंग मारा खुशाल."

त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. पांढरं निघून गेलं आणि खाली तांबडं, खड्यासारखं टणक कवच लागलं. नख घसरलं.

नळी खाली आली. पण मामा माझ्याकडे बघेनात.

"त्या टोकाच्या बोरीवर मारून झालंय," ते म्हणाले. "कुणाची हाय ती?"

"शालूची."

सगळ्यांत जास्त शालूच राबली होती.

मामांनी पंप उतरवून बांधावर ठेवला. "मी सांगतो तिला."

"मी सांगते, मामा."

"न्हाई. मारलं मी." ते चार पावलं गेले अन् थांबले. "बाईमाणसाशी असं कधी बोललो न्हाई. काय म्हणू?"

"चुकलो म्हणा."

शालूचं घर येईपर्यंत ते तेवढा एकच शब्द पुटपुटत होते.