बिनसांध्याची नळी

चिंतामणरावांना भारी अभिमान होता तो दोघींचा. एक, नागपूरहून इंजिनिअर होऊन आलेली लेक वल्लरी; आणि दुसरी, वर्कशॉपातली ती मशीन. पुण्याच्या कारखान्याने जुनी म्हणून काढून टाकलेली, पण भन्नाट वेगाने धातू कोरणारी. मध्य प्रदेशातल्या त्यांच्या बालाघाटात तशी मशीन दुसरी नव्हती, आणि त्यांच्या मते तशी लेकही. या दोघींचीच एक दिवस जुंपेल, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

झालं असं, की कटंगीच्या टिकारामशेठना राईस मिलसाठी नवी नळी हवी होती. हवेच्या झोतात भुसा उडून जावा आणि तांदूळ खाली पडावा, अशी. वल्लरीने आतून झोकदार वळण असलेली नळी कॉम्प्युटरवर रेखाटली. आता आधी वीतभर नमुना करून दाखवायचा होता.

"पुण्याची एक कंपनी हाय बाबा," वल्लरी म्हणाली. "कॉम्प्युटरवरून चित्र धाडलं की राळेचे पातळ थर एकावर एक चढवून नमुना करून देते. तुमची मशीन झकास हाय, पण सरळ जाणारं हत्यार वाकड्या वाटेनं आत कसं शिरन?"

"थरावर थर चढवाले ते का घडीची पोळी हाय?" चिंतामणराव उसळले. "ॲल्युमिनियमचा ठोकळा आन आपली मशीन! माझ्या कामाले सांधा नसते, सगळ्या बालाघाटले मालूम हाय."

त्याच कंपनीने वल्लरीला नोकरीही देऊ केली होती. तिने स्पष्ट सांगितलं, शेठनी माझी नळी घेतली तर इथंच राहीन, नाही तर पुण्याला जाईन. तेव्हापासून चिंतामणरावांच्या घशाखाली घास उतरेना. लेक जाऊ नये म्हणून जीव तुटे, आणि मशीनपुढे उभं राहिलं की हार मानवत नसे.

शेवटी वल्लरीने पुण्याहून नमुना मागवला आणि चिंतामणरावांनी आपला मशीनवर कोरला. ठरल्या दिवशी शेठ भरडलेल्या सुवासिक चिन्नोर धानाची पिशवी घेऊनच आले. "देखो भाऊ, नमुना मले कपाटात ठेवाचा नाही. धान घातल्याबिगर मी कोणालेच हौ म्हणत नाही."

आधी चिंतामणरावांची चकचकीत नळी लागली. पंखा सुरू झाला, आणि भुशाबरोबर तांदूळही भुर्रकन उडून शेठच्या मिशांत जाऊन बसला. हत्यार पोचेना म्हणून चिंतामणरावांनी आतलं वळण गुपचूप सरळ करून टाकलं होतं.

"अरे, माझा चिन्नोर!" शेठ ओरडले.

मग वल्लरीची. भुसा वर, तांदूळ खाली, जसं काही कुणी सुपाने पाखडलं. खुशीत येऊन शेठनी अख्खी पिशवीच वरून ओतली. काडकन आवाज झाला, आणि नळी दोन थरांच्या मधून उभी उकलून तिचे सरळ दोन भाग झाले.

"एक टिकते तर निवडत नाही, एक निवडते तर टिकत नाही," शेठ उठले. "राहू द्या आता."

वल्लरीचे डोळे भरून आले. चिंतामणरावांनी ती शकलं उचलली. शेंग उकलावी तसं आतलं सगळं वळण उघडं पडलं होतं. अशा उघड्या भागात त्यांचं हत्यार आरामात फिरलं असतं. फक्त मग दोन भाग जोडावे लागले असते, आणि गावभर मिरवलेली बढाई गिळावी लागली असती. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि गिळली.

"शेठ, बसा, चहा घ्या. वल्लरे, डोळे पूस आन कॉम्प्युटर लाव. दोन भाग कोरू, बोल्टनं जोडू."

"बाबा, सांधा?"

"हौ, सांधा! वळण तुझं, ॲल्युमिनियम माझं. भुशाले का समजते सांधा!"

संध्याकाळपर्यंत मशीनने दोन्ही भाग कोरून दिले. खाली सांडलेलं धान झाडून गोळा केलं आणि पुन्हा ओतलं. भुसा वर, तांदूळ खाली, आणि नळी जागच्या जागी. शेठनी मिशीतला दाणा काढून चावला.

"हौ," ते म्हणाले.

ते गेल्यावर चिंतामणरावांनी हळूच विचारलं, "मंग पुण्याले कधी कळवशीन?"

"कळवलं. नोकरी नको, पण पुढचा नमुना लवकर धाडा म्हणून."

"शेठनं आत्ता तं हौ म्हटलं! कळवलं कधी?"

"तुमी सांधा म्हणाले ना, तवाच."

त्या दिवशी जेवताना चिंतामणरावांनी दोनदा भात मागून घेतला.