बारा मोजेपर्यंत

"आधी नाक, पोरी. जीभ लाडावलेली असते, तिला गोड बोललेलं आवडतं. नाक इमानी असतं."

बावीस वर्षांपूर्वी ऐकलेला तो आवाज उल्रिकाच्या कानात अजून तसाच होता, आणि ज्याचा तो आवाज, तो माणूस आत्ता तिच्या दोन पावलं पुढे उभा होता. अल्वारने नऊ नंबरची बाटली उचलली, ग्लासात दोन घोट पांढरी वाइन ओतली, ग्लास टेबलावरच गोल फिरवला आणि नाकाशी नेला. उल्रिका मनात मोजू लागली. एक, दोन, तीन. चारला त्याने ग्लास खाली घेतला, घोट तोंडात घोळवून पिकदाणीत टाकला आणि तो पुढे सरकला.

तिने हातातल्या कागदावर नऊवर काट मारली.

मग रीतीप्रमाणे स्वतःचाही ग्लास भरला. नाकाशी धरला. थंड काच नाकाच्या शेंड्याला लागली, एवढंच कळलं.

पाण्याकाठच्या त्या लांबट हॉलमध्ये एकेचाळीस बाटल्या रांगेने मांडल्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात नंबर आणि किमतीची चिठ्ठी. सगळ्या शंभर क्रोनाच्या आतल्या. पंधरा दिवसांनी, नोव्हेंबरच्या एक तारखेला, त्या देशभरच्या सरकारी दुकानांत येणार होत्या, आणि वाइन मिळायची ती त्याच दुकानांत. म्हणून त्याआधी त्या चाखायला गावोगावच्या पेपरांत लिहिणाऱ्यांना स्टॉकहोमला बोलावत. या हॉलचे नियम दोनच. अत्तर लावून यायचं नाही, आणि बाटल्यांविषयी बोलायचं नाही. तीसएक माणसं देवळात फिरावं तशी टेबलाच्या कडेने फिरत होती. हॉलच्या उंच खिडक्यांतून ऑक्टोबरचं फिकट ऊन येऊन बाटल्यांच्या खांद्यांवर बसलं होतं.

अत्तराच्या नियमाची उल्रिकाला आता धास्ती वाटे. अंगातला स्वेटर तिने तीनदा नुसत्या पाण्यातून काढला होता. फेब्रुवारीत चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी उतरला, आणि सकाळची कॉफी ओठाला लावली तर ते नुसतं गरम पाणी होतं. डॉक्टर म्हणाले, वास येईल परत, किंवा नाहीही येणार. तेव्हापासून ती दूध तारीख बघून ओतून देत होती. स्वयंपाकघरात तिने धुराची घंटी बसवून घेतली होती. फालूनच्या पेपरातल्या तिच्या सदराचं नाव मात्र तेच होतं, 'महिन्याच्या चार बाटल्या', आणि त्यावरचा हसरा फोटोही तोच.

मार्चमध्ये ती इथे आली ती रडवेली होऊन, आणि अल्वारच्या मागे उभी राहिली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की म्हातारा काही बाटल्यांपाशी थांबतो. बाकीच्यांना तीन-चार मोजेपर्यंत नाक, आणि एखादीपाशी दहा, बारा. ग्लास नाकाशी, डोळे मिटलेले, चेहरा असा की आत कोणी जुनं गाणं म्हणतंय. जिथे तो थांबला तिथे तिने खूण केली. चार खुणा झाल्या. सदर गेलं. कोणाला काही कळलं नाही.

आठ महिने झाले. कोणाला काही कळलं नव्हतं, पण काल पत्र आलं.

ते तिच्या पिशवीत होतं. हिल्डूर नावाच्या ऐंशी वर्षांच्या बाईचं, रेघांच्या कागदावर, जपून लिहिलेलं.

'ऑगस्टमध्ये आमच्या लग्नाला पंचावन्न वर्षं झाली, म्हणून तुम्ही सांगितलेली तिसरी बाटली आणली. ती आम्हाला जळक्या रबरासारखी लागली. हे म्हणाले, बाटली वाईट असेल. मी म्हटलं, उल्रिका चुकायची नाही, आपल्याच जिभा म्हाताऱ्या झाल्या असणार. दोघांनी ग्लास संपवला. त्यानंतर हे जेवताना काही बोलत नाहीत. चव विचारली की चांगलं आहे म्हणतात. तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते, जीभ जाते तेव्हा आधी काय जातं?'

आजचं सदर चार वाजता पाठवायचं होतं.

सतराशी अल्वार थांबला. ऑस्ट्रियाची पांढरी, पंच्याण्णव क्रोना. खिडकीकडे जरासा कलून, डोळे मिटून तो उभा राहिला. उल्रिका मोजत गेली, बारापर्यंत. तिने खूण केली. अल्वारने डोळे उघडले, वळून तिच्या कागदाकडे पाहिलं, मान हलवली आणि आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. शिष्याची वही गुरुजींनी तपासावी तसं. तो नेहमीच तसं बघायचा. पूर्वी तिला त्याचं बरं वाटे. अलीकडे ती तेवढा वेळ बाटल्यांकडे बघत राही.

पुढे लाल वाइन सुरू झाल्या. तेवीस नंबरपाशी तो पुन्हा थांबला. पोर्तुगालची, एकोणऐंशी क्रोना. दहा, अकरा. एवढ्या स्वस्तातली आणि अकरा मोजेपर्यंत. हिल्डूरसारख्यांसाठी हीच, असं तिला वाटलं. तिने खूण केली आणि तिच्याभोवती गोलही काढला. अल्वारने कागदाकडे पाहिलं, लिहिलं, पुढे गेला.

मागून शिरीन येत होती. ती माल्मोच्या पेपरात लिहायची, चाळिशीची, तिच्या जिभेला हाड नव्हतं. सकाळी कोट टांगताना तिने अल्वारला विचारलं होतं, "काय आजोबा, अजून जिवंत?" आणि तो म्हणाला होता, "तुझं लिखाण वाचून कितीदा मरायला आलो, पण छापखाना तुझ्या चुका दुरुस्त करतो, म्हणून वाचलो."

तिने तेवीसचा ग्लास नाकाशी नेला, तसाच खाली ठेवला आणि हात वर केला.

हॉलमधली सगळी पावलं थांबली. हात वर करणं म्हणजे बाटली खराब. बुचाला बुरशी लागली की वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि तो नवख्यालाही चुकत नाही. एप्रन घातलेली बाई नवी बाटली घेऊन लगबगीने आली.

"पावसात भिजलेलं खोकं," शिरीन म्हणाली. "तळघराचं दार उघडल्यासारखं येतंय." मग तिने मान वळवली. "आजोबा, तू आत्ताच इथून गेलास ना? चांगला ध्यान लावून उभा होतास."

अल्वारने वही मिटली.

"कोण पकडतंय ते बघत होतो."

"आणि उल्रिका?"

"तिला मीच डोळ्याने म्हटलं, गप्प राहा."

कोणीतरी हसलं. "म्हाताऱ्याला परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडत नाही," एप्रनवाली बाई म्हणाली आणि खराब बाटली घेऊन गेली. पावलं पुन्हा सुरू झाली. शिरीन मात्र क्षणभर उल्रिकाच्या कागदाकडे बघत राहिली. उल्रिकाने तळहात गोलावर ठेवला होता.

अल्वारने तिला डोळ्याने काहीही म्हटलं नव्हतं.

म्हणजे त्याला ठाऊक आहे. तिचं नाक गेल्याचं याला कळलं आहे, कधीपासून कोण जाणे, आणि आत्ता, जिथे त्याने तिला नाकाचं इमान शिकवलं, त्याच हॉलमध्ये तो तिच्यासाठी खोटं बोलला. तिचे कान तापले. तो एकतीसपाशी थांबला, अडतीसपाशी थांबला. दोन्हीकडे तिचा हात आपसूक खूण करून मोकळा झाला. तिला हाताची लाज वाटली.

बाहेर धक्क्यावर वारा होता. कोपऱ्यावरच्या गाडीवरून तिने दोन कॉफी आणि दोन गोड पाव घेतले. दालचिनीचे संपले होते, वेलचीचे चालतील का, असं गाडीवरच्या पोरीने विचारलं होतं. ती चालतील म्हणाली होती. अल्वार आधी बाकाच्या कडेला टेकला, मग सावरून नीट बसला. दोघांनी पाण्याकडे पाहत कॉफी घेतली. पलीकडच्या बेटावरची बोट सुटली आणि तिच्यामागे पाणी वळ्या पाडत राहिलं.

"आज गप्प आहेस," तो म्हणाला.

तिने पिशवीतून पत्र काढून त्याला दिलं. त्याने चष्मा बदलला. रेघांच्या कागदावरून त्याचं बोट ओळीओळीने खाली गेलं, शेवटच्या ओळीवर थांबलं.

"काय लिहिणार आहेस हिला?"

"खरं काय ते." तिने कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला. "तिच्या नवऱ्याला काही झालेलं नाही. तिलाही नाही. जीभ त्या दोघांची चांगली आहे. मला फेब्रुवारीपासून कशाचाच वास येत नाही, अल्वार. कॉफीचा नाही, धुराचा नाही, माझ्या स्वतःच्या अंगाचा नाही. आठ महिने मी लोकांना वाटेल ते पाजते आहे."

एक समुद्रपक्षी बाकासमोर येऊन पावाकडे तिरपा बघू लागला.

"सदर आजपासून बंद करते. चार वाजता बाटल्या पाठवायच्या नाहीत, हे पाठवायचं. तुला आधी सांगायचं होतं. तुला ठाऊकच होतं म्हणा."

"मला काय ठाऊक?"

"मग तेविसाला मला पाठीशी का घातलंस?"

अल्वारने पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला.

"दालचिनी जरा जास्त झालीय," तो म्हणाला.

उल्रिकाने त्याच्याकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता. तिने हातातला आपला पाव पाहिला, त्याच्या वळ्यांमध्ये अडकलेले बारीक काळे दाणे पाहिले. कागदाच्या पिशवीवर पोरीने शाईने वेलची असं लिहिलंही होतं. ती पिशवी तिने घडी करून मांडीखाली सारली.

"आठ महिने," तो म्हणाला. "मग खुणा कशा करत होतीस?"

"तू थांबायचास तिथे."

"मी?"

"बाकीच्यांपाशी तू तीन-चार मोजेपर्यंत असतोस. चांगली असली की दहा, बारा. आज सतराला बारा मोजले मी. मला वाटलं, तुझं नाक आहे तोवर माझ्या वाचकांना काय कमी."

अल्वारचा हात पावासकट गुडघ्यावर आला. पक्षी एक पाऊल पुढे सरकला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हसण्यासारखं आलं, ओठांपर्यंत पोचलं आणि तिथूनच मागे फिरलं. त्याने आतल्या खिशातून आपली वही काढली आणि आजचं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. सतरा. तेवीस. एकतीस. अडतीस. तेविसाच्या भोवती गोल होता, तिने काढला होता तसाच, एका बाजूला चेपलेला. गोलाशेजारी दुसरं काही नव्हतं. फळांचं नाव नाही, मातीचं नाही, एक शब्द नाही.

तिने मागची पानं उलटली. सप्टेंबर, ऑगस्ट, जून. चार-चार आकडे, कोरे.

"त्या हॉलला खिडक्या किती आहेत, सांग."

तिने डोळे मिटले. ऊन बाटल्यांच्या खांद्यांवर बसलेलं दिसलं. तिने टेबलाच्या कडेने मनातल्या मनात चालत मोजल्या.

"चार."

"प्रत्येक खिडकीला दगडी कट्टा आहे. तिथे कंबर टेकता येते. वर्षभर झालं, त्याच्याशिवाय ती रांग पुरी होत नाही माझ्याने." त्याने उरलेला पाव पक्ष्यापुढे टाकला आणि तळहात पँटला पुसला. "सुचत नव्हतं कसं सांगावं, पोरी. येत्या नाताळात तीन वर्षं होतील, मला कसलाच वास येत नाही. मी तुझ्या खुणा उतरवत होतो."